वणीला जातो सांगून

बडोद्याचा माणूस नाशिककडे निघाला की सोसायटीत दोनच शक्यता धरतात, शिर्डी किंवा वणी. तिसरी शक्यता सगळ्यांना ठाऊक असते, पण ती मोठ्याने कोणी बोलत नाही. आम्हीही विचारणाऱ्या प्रत्येकाला 'वणीला जातो' असंच सांगितलं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून गडावर जाऊन देवीचं दर्शनही घेतलं. गाडी काढली होती ती मात्र वणीच्या पुढे, दिंडोरीच्या बाजूला, जिथे द्राक्षांची वाइन करतात तिथे जाण्यासाठी.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण विजू. दोघी साठीच्या आसपासच्या. मी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले. गाडी चालवायला फार उशिरा शिकले, आणि आता स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. विजू छाणीला आमच्याच सोसायटीत राहते. तिचे यजमान कोयलीला रिफायनरीत होते, ते काही वर्षांपूर्वी गेले. तिला एकुलती एक मुलगी, गार्गी. ही गार्गी दिंडोरीजवळच्या एका वायनरीत वाइन बनवते.

वायनरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्याकडे लोक लगेच पत्ता विचारतात.

गार्गी बडोद्यातच मायक्रोबायॉलॉजी शिकली. वाघोडियाला औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करत होती. तिथून तिने एक दिवस ही उडी मारली. तेव्हापासून विजू सगळ्यांना सांगत आली, "गार्गी द्राक्षाच्या रसाच्या कंपनीत आहे." मी हसले की म्हणायची, खोटं काय आहे त्यात, आधी रसच असतो.

पण यामागचं कारण हसण्यासारखं नाही. विजूचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, जुन्या संस्थानी फौजेतल्या घराण्यातले. घरात तलवार होती आणि अंगात ऐट होती. आमच्या राज्यात दारूबंदी, पण ज्याला प्यायची त्याला ती मिळते, प्लॅस्टिकच्या पोटलीत, कशापासून बनवली ते न विचारता. ती आणायला दादा लहानग्या विजूला वस्तीमागे पाठवायचे. शर्टाचा वास घेऊन ती ओळखायची की आज घरी काय होणार. त्या पोटलीनेच ते गेले. म्हणून विजूच्या लेखी वाइन, बिअर, पोटली असे प्रकारच नाहीत, सगळ्याला एकच शब्द.

गेल्या दिवाळीला गार्गी घरी आली तेव्हा विजू तिच्या बॅगेतले कपडे एकेक करून हुंगत होती, आणि ते गार्गीने दारातून पाहिलं. ती भाऊबीजेपर्यंत न थांबताच परत गेली. पुढे महिनोन्‌महिने दोघींचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच उरलं.

मग जानेवारीत तिचा फोन आला. पुढच्या हंगामापासून लाल वाइनचं सगळं काम तिच्या हाती द्यायचं कंपनीत चाललं होतं, आणि तिला होळीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ती आईला म्हणाली, "एकदा येऊन बघ. बघून सोड म्हणालीस तर सोडते, वाघोडियाला अजून घेतील मला. पण न बघता सोड म्हणू नकोस."

विजूने हे मला सांगितलं. गार्गीला सायकल मी शिकवली आहे. ती सांगते तसं करणारी मुलगी आहे. आई 'सोड' म्हणाली असती तर तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता आणि जन्मभर त्याबद्दल एक अक्षर बोलली नसती. मी विजूला म्हटलं, मी नेते तुला. विजूने अट घातली, "नेशील ते ठीक, पण तू वच्चे बोलायचं नाही. एक शब्द नाही." मध्ये न बोलणं हे मला केवढं अवघड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा. पण मी कबूल झाले.

बडोदे ते सापुतारा

विजूने चार दिवसांची शिदोरी घेतली होती. मेथीचे ठेपले, कैरीचा छुंदो, बटाट्याची सुकी भाजी, चिवडा, आणि पाण्याचा एक भलामोठा कॅन. पाणी कशाला, असं मी विचारलं. "तिथलं पाणीसुद्धा नको मला," ती म्हणाली. जणू तिथे नळालाच वाइन येते. मी गप्प बसले. प्रवासाला निघून अजून छाणीचा पूलही ओलांडला नव्हता.

भरूचला नर्मदा लागली की गाडीतल्या प्रत्येक बडोदेकराचे हात आपोआप जुळतात. आमचेही जुळले, माझा एक स्टिअरिंगवर ठेवून. खाऱ्या शेंगा घेतल्या. सुरतेच्या पुढे हायवे सोडून चिखलीवरून आत वळलो आणि ट्रकांच्या तावडीतून सुटलो. वघईनंतर डांगचं जंगल सुरू होतं. फेब्रुवारीत सागाची पानं गळालेली असतात, त्यामुळे डोंगर अगदी आतपर्यंत दिसतात. मला हिरवं डांग आवडतं असं वाटायचं, पण हे उघडंबोडकं डांगही आवडलं. विजू पूर्ण वेळ पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

घाट सुरू व्हायच्या आधी एका छपराखाली नागलीचे रोटले भाजत होते. गरम रोटला, उडदाची डाळ, लसूण-मिरचीची चटणी. विजूने सवयीप्रमाणे गुजरातीत भाव विचारला. रोटले थापणाऱ्या बाईने अर्ध्या मराठीसारख्या बोलीत उत्तर दिलं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. घराबाहेर पडलं की आपण गुजराती बोलायचं, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की समोरचा मराठी असला तरी उशिरा लक्षात येतं. ठेपल्याचा डबा न उघडता विजूने रोटले खाल्ले. ती सुरुवात मला बरी वाटली.

रात्री सापुताऱ्याला राहिलो. तळ्याकाठी हनिमूनवाली जोडपी आणि मक्याची कणसं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. खोलीतल्या रजईला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता म्हणून विजूने आपली शाल पांघरली आणि मला रजई दिली. अशी ही माझी मैत्रीण.

हद्दीपलीकडे

सापुताऱ्याच्या जवळच राज्याची हद्द आहे. बाहेर पडणाऱ्यांना कोणी विचारत नाही. समोरून गुजरातेत शिरणाऱ्या गाड्या मात्र रांगेत उभ्या होत्या, डिक्या उघडून. त्या रांगेकडे पाहताना मला उगाच अपराधी वाटलं. आमच्या डिकीत तेव्हा चिवडा होता.

हद्द ओलांडली, आणि थोड्याच अंतरावर दारूच्या दुकानाची पहिली पाटी आली. दुकानासमोर सगळ्या आमच्याकडच्या नंबरप्लेटी. विजूने मान दुसरीकडे वळवली. वणीला गडावर ट्रॉलीने वर गेलो, ओटी भरली. विजू देवीसमोर बराच वेळ उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. मी काय मागितलं ते सांगते, की देवी, माझं तोंड बंद ठेव आणि हिचं योग्य वेळी उघड.

वणीच्या खाली उतरलो आणि द्राक्षबागा सुरू झाल्या. घरून निघताना मला वाटलं होतं, शेतं म्हणजे आपल्या तुरी-कपाशीसारखी असतील. ही शेतं म्हणजे तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ रांगाच रांगा, मध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. खायच्या द्राक्षांचे घड कागदात गुंडाळलेले होते. वाइनची द्राक्षं वेगळी, ती कागदाच्या लाडाशिवाय वाढतात. दाणे बारीक, साल जाड आणि आत बिया. मी एक घड तोडून पाहिला, तर खूप गोड. मी समजत होते की खायला आंबट निघतात ती वाइनला देत असतील.

गार्गी फाटकातच उभी होती. केस बारीक कापलेले, पायात गमबूट, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे. धुऊनही जात नाहीत म्हणाली. तिने आईला मिठी मारली. आणि त्या मिठीत विजूने नकळत श्वास आत ओढला. मी जवळच होते, मला ऐकू आला. गार्गीलाही आला असणार, कारण तिचे खांदे एकदम ताठ झाले. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "चल, खोली दाखवते."

मला त्या दोघींची इतकी कीव आली की काय सांगू.

संध्याकाळी ती आम्हाला चाखायच्या खोलीत घेऊन गेली. खोली कसली, मोठा सज्जाच होता. समोर बागा, पलीकडे डोंगर, टेबलांवर काचेचे पेले. विजूने आपल्या कॅनमधलं पाणी एका बाटलीत भरून आणलं होतं, ती बाटली समोर ठेवून बसली. मला मात्र चाखायचं होतं, आणि मुक्कामही तिथेच होता, म्हणजे गाडी चालवायची नव्हती. पहिला घोट साखर विसरलेल्या कोकम सरबतासारखा लागला. दुसऱ्या पेल्यातली वाइन बरी होती. तिसरी लाल होती, ती तोंडात असताना गार्गी सांगत होती की यात कोणता वास येतो, त्यात कोणता, आणि मी सगळ्याला मान डोलावत होते.

तेवढ्यात दारातून खाकी गणवेशातला माणूस आत आला.

मी विचार केला नाही. माझ्या हातांनी केलं. पेला पदराखाली गेला आणि पर्स त्याच्यावर. खाकीवाला म्हणजे तिथला रखवालदार होता आणि कोणत्या तरी पांढऱ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत एवढंच सांगायला आला होता. ती गाडीही माझीच निघाली. मी उठले तेव्हा माझ्या मोतिया रंगाच्या साडीवर पोटापासून गुडघ्यापर्यंत लाल डाग होता. पेले भरणाऱ्या पोराने हसू दाबत विचारलं, "गुजरातहून आलात का, काकू?" म्हणाला, गुजरातची मंडळी आली की रखवालदाराला शक्यतो आत पाठवत नाही, आज चुकून आला.

गार्गी खो खो हसत होती. विजूसुद्धा हसली. सगळं रुळावर येईल असं मला वाटलं, आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या टेबलावरून आवाज आला, "अरे, शैलाबेन? विजयाबेन?"

परेशभाई. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बायको, साडू, साडूची बायको, आणि टेबलावर सहा पेले. सोसायटीच्या लेखी ते शिर्डीला गेले होते. आम्ही वणीला गेलो होतो. परेशभाई हात जोडून म्हणाले की दर्शन फार छान झालं. आम्हीही म्हटलं, आमचंही छान झालं.

हे इथेच मिटलं असतं. पण त्यांचं लक्ष गार्गीकडे गेलं. गमबूट, जांभळे हात. त्यांनी प्रेमानेच विचारलं, "बेबी अहीं शुं करे छे?" ही इथे काय करते.

गार्गीने आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. आमच्या मागे तिनेच बनवलेल्या वाइनच्या बाटल्या भिंतभर मांडलेल्या होत्या. विजू म्हणाली, "ही ऑफिसमां छे. ज्यूसच्या खात्यात."

गार्गी म्हणाली, "हो काका." एवढंच. टाक्या बघायच्या आहेत असं सांगून ती गेली, आणि रात्री जेवायला आली नाही. विजूने भाकरी मोडली पण खाल्ली नाही. मी तिच्यासमोर बसून पिठलं खाल्लं आणि अट पाळली. विजूची मला चीड आली होती आणि दयाही येत होती.

तोडणी

सकाळी अंधुक असतानाच गार्गीने दार वाजवलं. काल काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "चला, तोडणी बघायची होती ना." द्राक्षं थंड असतानाच तोडावी लागतात. बागेत सुरगाण्याकडच्या बायका आधीच कामाला लागल्या होत्या, डोक्याला रुमाल, हातात छोट्या कात्र्या. आमच्याकडे थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढायचं निमित्त, इथे बोटं वाकत नव्हती. मी एक क्रेट भरेपर्यंत शेजारच्या बाईने तीन भरले आणि माझ्या क्रेटमधली पानं निवडूनही दिली. विजू मुकाट्याने तोडत होती, आणि चांगली तोडत होती. अधूनमधून रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या गार्गीकडे बघत होती. गार्गी कोणावर ओरडत नव्हती. काही सांगायचं असलं की जवळ जाऊन हळू सांगायची, आणि ते होत असे.

मग ती आम्हाला आत घेऊन गेली. मोठं थंड शेड, दोन्ही बाजूंना स्टीलच्या उंच टाक्या, जमीन ओली, मध्ये जाळी लावलेली मोरी. हवेत आंबलेल्या फळांचा दाट वास. विजूने पदर नाकाला लावला. गार्गीने ते पाहिलं. तिचं सकाळचं काम सुरू झालं. टाकीचा छोटा नळ सोडायचा, पेल्यात थोडी वाइन घ्यायची, हुंगायची, तोंडात घोळवायची, आणि मोरीत थुंकायची. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाला काही तरी सांगायचं. पुढची टाकी. पुन्हा घोट, पुन्हा थुंकी. मदतनीसही तेच करत होता. दोघंही अगदी निर्विकार, आपण जेवल्यावर चूळ भरतो तसे.

मला हे ठाऊक नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी सगळं गिळलं होतं. विजूने नाकावरचा पदर खाली घेतला. चार-पाच टाक्या होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने विचारलं, "थुंकतेस का?"

गार्गी म्हणाली, हंगामात दिवसभर सगळ्या टाक्या चाखायच्या असतात, गिळलं तर दुपारी आडवी होईन. आणि जीभही काम करेनाशी होते.

"सगळंच थुंकतेस?"

"सगळंच, आई."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून. शिकवतातच तसं."

विजू एका पालथ्या क्रेटवर बसली. मला वाटलं, तिला चक्कर आली. पण ती रडत होती, अगदी शांतपणे, डोळे न पुसता. गार्गी पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. मदतनीस शहाणा होता, तो पाइप धुवायला निघून गेला.

मला जे वाटलं ते सांगते. एवढी वर्षं विजूच्या डोळ्यांसमोर दारूचं एकच चित्र होतं, ते म्हणजे ती घशाखाली उतरवणारा माणूस. आमचं अख्खं राज्य एक घोट आत जावा म्हणून किती उपद्व्याप करतं, पोटल्या, गुप्त फोन, डॉक्टरचे परवाने. आणि ही पोरगी रोज सकाळी तीच वस्तू मोरीत ओतून मोकळी होत होती, कारण तिला ती प्यायची नव्हती, नीट करायची होती.

थोड्या वेळाने विजूने हात पुढे केला. "दे," म्हणाली.

"काय?"

"तो पेला. मी पण बघते."

माझा विश्वास बसेना. जिने तिथलं पाणी प्यायलं नव्हतं, तिने पेला तोंडाला लावला. गाल फुगवले. डोळे मिटले. आता थुंकायचं कसं ते तिला येईना, कारण मोरी लांब होती आणि आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं की बाईमाणसाने असं थुंकू नये. "ओठ आवळून धर आणि जोरात सोड," गार्गी म्हणाली. विजूने सोडली. ती माझ्या चपलेवर आली. नवी चप्पल, मांडवीच्या बाजारातून घेतलेली. गार्गी एवढी हसली की तिला टाकीचा आधार घ्यावा लागला, आणि मग विजू हसायला लागली, आणि मग मला काही पर्यायच राहिला नाही.

"कसं लागलं?" गार्गीने विचारलं.

"आंबट," विजू म्हणाली. मग पेला नाकाशी नेऊन पुन्हा हुंगला, नीट, वेळ घेऊन. "दादांच्या शर्टाला यायचा तो वास हा नाही."

गार्गीने आईच्या हातातून पेला घेतला, विसळला, आणि पुढच्या टाकीकडे गेली. विजू तिच्या मागोमाग गेली. शेवटच्या टाकीपर्यंत दोघी तशाच गेल्या. मी चप्पल धूत बसले.

मिसळ, आणि परत

दुपारी गार्गी आम्हाला नाशिकच्या बाहेर एका मळ्यात मिसळ खायला घेऊन गेली. आंब्याखाली टेबलं, चुलीवरचा रस्सा, बरोबर पापड आणि दही. बडोद्याच्या माणसाला मिसळ दिली की तो लगेच आमच्या सेव-उसळीशी तुलना करतो, तशी मीही केली. आमची सेव-उसळ पातळ, वर हिरवी पात आणि तिखट 'तरी' हवी तेवढी ओतून घ्यायची. इथला रस्सा दाट, काळ्या मसाल्याचा, नाकातून पाणी काढणारा. माझं मत सेव-उसळीला. गार्गीने मिसळीला मत दिलं. निकाल विजूवर होता. ती म्हणाली दोन्ही चांगल्या, आणि दुसरा पाव मागवला. परक्या गावचं पाणी तर ती शेडमधून बाहेर आल्यापासूनच पीत होती, ते मी मुद्दाम दाखवून दिलं नाही.

पण उत्तर तिने दिलं नव्हतं. मिसळीच्या वेळी नाही, संध्याकाळी तिघी बागेत फिरलो तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशी निघतानाही नाही. मी दोघींना एकटं सोडायला खोलीत पांघरुणाच्या उगाच घड्या घालत बसले, बाहेर आले तर त्या काळ्या मनुकांबद्दल बोलत होत्या. गार्गीनेही विचारलं नाही. हट्टीपणा घराण्यातला. तिने डिकीत द्राक्षांची पेटी आणि मनुकांची पाकिटं ठेवली आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन कर." एक बाटली ठेपल्यांच्या रिकाम्या डब्यात बसेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. विजूने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो डबा उचलून स्वतःच्या पायाशी ठेवला.

वणीपर्यंत ती बोलली नाही. घाट चढेपर्यंत बोलली नाही. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की तळवे दुखायला लागले. एकदा वाटलं, अट मोडावी आणि विचारावं. मग वाटलं, ती 'सोडायला सांगणार' म्हणाली तर पुढचा घाट मला नीट चालवता येणार नाही. म्हणून गप्प राहिले.

हद्दीवर आम्ही त्या रांगेत लागलो. नंबर आला. तरुण पोलीस होता, शिष्टाचाराने बोलणारा. त्याने खिडकीतून दोन म्हाताऱ्या पाहिल्या, ओटीचा नारळ पाहिला, आणि त्याचा उत्साह मावळला. डिकी उघडून द्राक्षं, मनुका पाहून बंद केली. बाटली-बिटली काही आहे का, विचारलं. नाही म्हटलं. तो जा म्हणून हात हलवणारच होता, तेवढ्यात बोलायचं म्हणून बोलला, "नाशिक कोने त्यां गया हता, मासी?" कोणाकडे गेला होता.

"दीकरीने त्यां," विजू म्हणाली. मुलीकडे.

"सरस. शुं करे छे दीकरी?"

माझा पाय ब्रेकवर होता, तो मी आणखी दाबला. मागे हॉर्न वाजत होते. विजूने पर्स मांडीवरून खाली ठेवली, काच पूर्ण खाली घेतली, आणि स्पष्ट म्हणाली, "वाइन बनावे छे. मोटी कंपनीमां. लाल वाइननुं बधुं काम हवे एना हाथमां आववानुं छे." लाल वाइनचं सगळं काम आता तिच्या हाती येणार.

पोलीस तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाडी साइडमां लो."

त्यांनी सगळं उतरवलं. द्राक्षांची पेटी तळापर्यंत, मनुकांची पाकिटं हुंगून, पाण्याचा कॅन, स्टेपनीखालची जागा, ठेपल्यांचा रिकामा डबा. माझी डागाळलेली साडी पिशवीतून निघाली तेव्हा दुसरा पोलीस आला आणि दोघांनी मिळून ती पाहिली. मी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. आयुष्यात इतका मोकळा श्वास मी घेतला नसेल. त्यांनी इंजिन उतरवलं असतं तरी मी हरकत घेतली नसती.

विजू माझ्या शेजारी उभी राहून गार्गीला फोन लावत होती. तो लागला.

"पोचलो नाही अजून," ती म्हणाली. "हद्दीवर आहोत. पोलीस गाडी तपासताहेत." पलीकडून गार्गी घाबरून काही तरी विचारत असावी. "नाही गं, बाटली नाही. त्यांनी विचारलं मुलगी काय करते, मी सांगितलं."

"गार्गी, ऐकतेस ना? होळीपर्यंत कशाला थांबतेस. आजच हो म्हणून कळव त्यांना." तिने फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे दिला. "घे. मला नाही आता बोलता यायचं. तू बोल."